न उघडलेली पट्टी

बास्सूचा फोन आला तेव्हा यामना एका खेचराच्या खुरातून खिळा उपटत होती. हात मोकळे नव्हते म्हणून तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. पलीकडून म्हातारा आधी तिच्या आईची तब्येत विचारत राहिला, मग सफरचंदांच्या मोहराबद्दल, मग मिडेल्टकडून येणाऱ्या रस्त्याबद्दल. तेवढ्यावरूनच तिला कळलं की काहीतरी वाईट आहे. चांगली बातमी सांगायला बास्सूला एवढा वेळ लागत नसे.

"दोन पिल्लं गेली," तो शेवटी म्हणाला. "तिझिरीची. पाच उरलीत, त्यातली तीन मान टाकून पडलीत. मेंढी असती तर कापून खाल्ली असती, तुला त्रास दिला नसता. कुत्र्याचं काय करू सांग."

"त्यांना पाणी पाजू नका, उलटी होत असेल तर. मी येते."

"उलटी तर होतेच आहे," म्हातारा म्हणाला, आणि फोन ठेवायला विसरला. इत्तोला हाका मारत तो कुठंतरी चालत गेला, ते तिला बराच वेळ ऐकू येत राहिलं.

यामना याच डोंगरातली. अयाशी पर्वताच्या पायथ्याशी तिच्या वडिलांचंही मेंढरांचं खिल्लार होतं. राजधानीत जनावरांची डॉक्टरकी शिकून ती परत आली त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत तिला मेंढ्यांसाठी, गाढवांसाठी, एकदा तर नवऱ्याशी भांडलेल्या बाईची समजूत घालण्यासाठीही बोलावणी आली होती. कुत्र्यासाठी क्वचितच. कुत्रा आजारी पडला की तो भिंतीच्या आडोशाला जाऊन पडतो, एक तर उठतो नाहीतर उठत नाही, असंच सगळे धरून चालत. पण तिझिरी, बास्सूची राखणीची कुत्री, हिची गोष्ट वेगळी होती. तिच्या आईनं एका हिवाळ्यात दोन लांडगे परतवले होते, आणि तिची पिल्लं मिळावीत म्हणून लोक वर्ष वर्ष आधी बास्सूकडे शब्द टाकून ठेवत.

बास्सूच्या गावी, ताझरूतला, पोचेपर्यंत दुपार झाली. दगडी कोंडवाड्याच्या दारातच तिला तो वास आला. रक्त, आंबलेलं दूध आणि गंजलेलं लोखंड एकत्र कुजल्यासारखा. हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. गव्हाच्या काडावर पाच पिल्लं होती. त्यातलं एक, छातीवर पांढरा पट्टा असलेलं, अजून बसून होतं. बाकीची ओल्या चिंध्यांसारखी पसरली होती. तिझिरी दूर भिंतीशी उभी होती, आत यायला तयार नव्हती.

"परवापर्यंत माझ्या घोट्याला चावत होती," इत्तो म्हणाली. ती बास्सूची बायको. पदराच्या टोकानं नाक झाकून ती दारातच उकिडवी बसली होती. "वारंच आहे ना गं?"

त्या दरीत पिलांच्या सगळ्या दुखण्यांना एकच नाव होतं, वारं. पिलू हगलं तरी वारं, खोकलं तरी वारं, झटके येऊन मेलं तरी वारंच.

"वारं एक नसतं, काकी," यामना हातमोजे चढवत म्हणाली. "चार-पाच असतात. एक आतडं आतून सोलून काढतं, रक्त पडतं, ते पार्वो. एक नुसतं पातळ हगवतं आणि चार दिवसांत निघून जातं. एकात डोळा निळा पडतो. आणि एक नाका-डोळ्यांतून शिरतं, खोकवतं, सगळं बरं झालंय असं वाटायला लावतं आणि मागून डोक्यात जातं."

"मग हे कुठलं?"

"बघू."

तिनं कापसाची काडी विष्ठेत फिरवली, बाटलीतल्या पाण्यात ढवळली, आणि पार्वो तपासायच्या पट्टीवर तीन थेंब टाकले. बास्सू खांद्यावरून वाकून बघत होता. पहिली लाल रेघ आली. मग, श्वास सोडायच्या आत, दुसरी.

"पार्वो," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडं समाधानही होतं. नाव सापडलं की निम्मं काम झालं असं वाटतं. पुढं काय करायचं ते हातांना माहीत असतं.

ती पिलांच्या मानेच्या सैल कातडीखाली सलाईन भरू लागली. गरम पाण्याच्या बाटल्या, उलटी थांबवायचं इंजेक्शन, काड जाळून टाका, दगड ब्लीचच्या पाण्यानं धुवा, हा रोग मातीत वर्षभर टिकतो, तेव्हा पुढची पिल्लं इथे वाढवू नका, हे सगळं ती सांगत गेली आणि बास्सू मान डोलावत गेला. मधेच इत्तो म्हणाली, "आठ-नऊ दिवसांपूर्वी सगळी एकदम तापली होती. एकच दिवस. मी म्हटलं, गेली आता. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या चपला पळवतायत."

"हं," यामना म्हणाली. ती त्या वेळी एका पिलाची शीर शोधत होती.

"आणि डोळे बघ ना यांचे. चिकटतात. सकाळी ओल्या फडक्यानं उघडावे लागतात."

"चुलीचा धूर लागत असेल, काकी."

"चूल तिकडे, पिल्लं इकडे," इत्तो म्हणाली. "धूर काय वाट विचारत येतो का यांची?"

बास्सू हसला. "हिला डॉक्टर करायला पाहिजे होतं. तुझ्यापेक्षा स्वस्तात पडली असती." यामनाही हसली. तिच्या पेटीत त्या डोक्यात जाणाऱ्या रोगाच्या, डिस्टेंपरच्या, तीन पट्ट्या होत्या. डोळ्यातल्या पाण्याचा एक थेंब पुरतो त्यांना. पेटी तिच्या गुडघ्याशी उघडी होती. पण एका पट्टीनं उत्तर दिलं होतं, पिलू हातात होतं, शीर सापडत नव्हती, आणि संध्याकाळी तिला दुसऱ्या गावी मेंढ्यांना लस टोचायची होती.

पुढचे चार दिवस ती रोज आली. दोन पिल्लं गेली. इत्तोनं त्यांना अक्रोडाच्या झाडाखाली, खोल, चुन्यासकट पुरलं. उरलेली तीन पाचव्या दिवशी ताक चाटू लागली, आणि दहाव्या दिवशी त्यांनी यामनाच्या बुटाची नाडी ओढून सोडली. बास्सूनं तिला जबरदस्तीनं बसवून चहा पाजला, ताजी भाकरी आणि लोणी पुढं केलं, आणि मग घसा खाकरून मनातलं बोलला.

"हा पांढऱ्या छातीचा तूदाला द्यायचा म्हणतो. तिला शब्द दिलाय."

तूदा त्याची धाकटी बहीण. वर इफ्रीला, गुहांच्या बाजूला, नवऱ्याच्या पाठीमागं एकटी राहायची. चाळीस मेंढ्या आणि एक म्हातारा कुत्रा, अम्घार. अम्घार म्हणजे वडीलधारा. तूदाच्या नवऱ्यानं, अन्वरनं, त्याला कोटाच्या खिशात घालून वर आणलं होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. कुत्रा अकराचा झाला होता, आणि तो आहे तोवर त्याच्या हाताखाली नवं पिलू तयार व्हावं, असा भाऊ-बहिणीचा बेत होता. जूनमध्ये वरची कुरणं खुली होणार होती.

"द्यायला हरकत नाही ना?" बास्सूनं विचारलं. "अम्घारला काही होणार नाही ना? ते एकच माणूस आहे तिच्याजवळ."

यामनानं क्षणभर विचार केला. पार्वो लहान पिलांना मारतो. म्हाताऱ्या, डोंगर बघितलेल्या कुत्र्याला तो सहसा शिवत नाही. "तिथं दुसरी लहान पिल्लं नाहीत ना?" तिनं विचारलं. "मग द्या. मोठ्या कुत्र्याला भीती नाही."

पार्वोपुरतं तिचं उत्तर बरोबर होतं.

तीन आठवड्यांनी फोन आला तो इत्तोचा. इत्तो कधी फोन करत नसे. तिनं आईची चौकशी केली नाही, रस्त्याची केली नाही.

"लहान पिलू चावतंय गं."

"कुणाला?"

"कुणाला नाही. तोंडात काही नाही आणि चावतंय. दात वाजतात, फेस येतो. मग पडतं आणि पाय मारतं. मग उठतं आणि काही झालंच नाही असं माझ्याकडे बघतं."

यामना टेबलाशी उभी होती. सगळं एका क्षणात जुळलं. एक दिवसाचा ताप. चिकटलेले डोळे. पिल्लं तापली ती पहिली फेरी, मग मधली फसवी बरी अवस्था, आणि त्याच वेळी वरून आलेला पार्वो. पट्टी खोटं बोलली नव्हती. तिनं फक्त जे विचारलं तेवढंच सांगितलं होतं. दोन दुखणी एकाच काडावर, एकाच पिलात राहत होती, आणि यामनानं एकाशी ओळख झाल्यावर दुसऱ्यासाठी दार उघडलंच नव्हतं.

ताझरूतला जाऊन तिनं लहान पिलाच्या पापणीतून थेंब घेतला. खरं तर गरज नव्हती. त्याचे पंजे हाताला लागले तेव्हाच कळलं होतं, शिळ्या भाकरीच्या कडेसारखे टणक झाले होते. तरी तिनं पट्टी लावली. दोन रेघा. दुसऱ्या पिलाचा, मादीचा, डावा खांदा झोपेतही उडत होता, कुणी आतून दोरी ओढावी तसा, पण ती खात होती आणि शेपूट हलवत होती.

"हे आधीपासून होतं?" बास्सूनं विचारलं.

"हो."

"तेव्हाच?"

"हो, काका. काकींनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

इत्तोनं पिलाच्या तोंडाचा फेस पुसला आणि फडकं बाजूला ठेवलं. बास्सू अंगणाच्या टोकाला जाऊन डोंगराकडे बघत उभा राहिला. तो वरच्या वाटेकडेच बघत होता.

"फोन लागत नाही तिथं," तो म्हणाला. "मी येतो बरोबर."

"मी एकटी जाते. मला जायला पाहिजे."

गाडी ओढ्यापर्यंत गेली. पुढं तासभराची चढण. वाटेत तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला, म्हाताऱ्या कुत्र्याला अंगात जोर असला तर नुसता खोकला होऊन जाईल, पिलू वेगळं बांधलं असेल, डोंगरात वारा मोकळा असतो. प्रत्येक वळणावर तिनं असं एकेक कारण उचललं आणि पुढच्या वळणावर टाकून दिलं. अम्घारला सरकारी मोहिमेत पिसाळण्याची लस मिळाली होती. तिनंच टोचली होती. या रोगाची लस कुणी कधी मागितली नव्हती, आणि तिनंही कधी सांगितली नव्हती.

तूदा कोंडवाड्याच्या दारात बसून लोकर विंचरत होती. मेंढ्या आत होत्या. भर दुपारी मेंढ्या आत, म्हणजे त्यांना राखणारा कुत्रा उठत नव्हता.

"ये," तूदा म्हणाली. "दादानं पाठवलं?"

"मीच आले, लल्ला," यामना वडीलधाऱ्या बाईला मानानं म्हणतात तसं म्हणाली. "पिलू कुठाय?"

"पुरलं. आज पाच दिवस झाले. नाचता नाचता मेलं. मी म्हटलं, दादानं मला जत्रेतलं दिलं की काय." ती हसली नाही. "मोठा आत आहे."

अम्घार गोणपाटावर पडला होता. तूदानं त्याला तिच्या नवऱ्याचा जुना लोकरी अंगरखा पांघरला होता. डोळ्यांच्या कडांना पिवळट खपली धरली होती, नाक वाळून भेगाळलं होतं. यामनाला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले, मागचे उठले नाहीत. तो तसाच पुढच्या पायांवर थरथरत उभा राहिला, अनोळखी माणूस दारात आहे आणि आपण उभं राहायला हवं एवढं त्याला माहीत होतं. मग त्याचा जबडा आपोआप हलू लागला.

यामनानं तो झटका संपेपर्यंत त्याचं डोकं धरलं. संपल्यावर ती उठली नाही.

"लल्ला, हे पिलाबरोबर आलं," ती म्हणाली. "तिझिरीच्या पिलांना दोन रोग होते. मला एक सापडला. दुसरा बघायची पट्टी माझ्याकडे होती. मी उघडली नाही. दादांनी मला विचारलं होतं, अम्घारला काही होईल का. मी म्हटलं, नाही."

तूदा लोकर बोटांत फिरवत राहिली.

"उघडली असतीस तर कळलं असतं?"

"हो."

"किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं," तूदा म्हणाली. जणू काही दहा मिनिटं म्हणजे किती, याचा ती अंदाज घेत होती. "अन्वर गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, देवाची मर्जी. मी ऐकून घेतलं. तू तेवढं तरी म्हणायचं होतंस. मला सोपं गेलं असतं."

"ते खरं नसतं."

"नसतं," तूदा म्हणाली. "सगळं खरंच सांगितलं पाहिजे असं तुम्हाला शाळेत शिकवतात काय?" मग तिनं कुत्र्याकडे पाहिलं. "हा बरा होईल का?"

"नाही. झटके वाढत जातील."

"मग कर. तुझ्या पेटीत असेल त्याचं औषध."

ते करायच्या आधी तूदानं पाणी तापवलं. कुत्रा हा घरात घ्यायचा, अंगाला लावायचा प्राणी नाही, त्याच्या ओल्या नाकाचा स्पर्श झाला तर नमाजाआधी हात धुवावे लागतात, हे तिनं जन्मभर पाळलं होतं. त्या दिवशी तिनं कोमट पाण्यानं त्याच्या डोळ्यांच्या खपल्या सोडवल्या, नाक पुसलं, आणि मांडी घालून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला ते इतकं नवं होतं की तो एकदम स्तब्ध झाला. यामनानं पायाचे केस कापले. शीर दुसऱ्या खेपेला सापडली. तूदानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांच्या डोंगरी बोलीत, तमाझिग्तमध्ये, मेंढ्या परत वळवताना म्हणतात तसं. औषध आत जाता जाता त्याची मान जड झाली.

दोघींनी मिळून खड्डा खणला. जमीन दगडाळ होती, दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. यामनाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून तूदानं अर्धी भाकरी फडक्यात बांधून दिली. चहा मात्र विचारला नाही.

बास्सूकडचं लहान पिलू त्याच आठवड्यात गेलं. मादी जगली. तिचा डावा खांदा आयुष्यभर उडत राहिला, पण तिला त्याचं काही वाटत नसावं. यामनानं मे महिनाभर दरीतली घरं पायी फिरून कुत्र्यांना लस टोचली, त्या डिस्टेंपरची आणि पार्वोचीही. लोक हसले. कुणी म्हणालं, डॉक्टरबाईंना मेंढ्या कमी पडल्या वाटतं. तरी कुत्री धरून आणली. प्रत्येक घरी ती आधी बायकांजवळ बसायची आणि विचारायची, मागच्या दहा दिवसांत काय काय झालं, आणि त्या सांगून थकेपर्यंत उठायची नाही. चार पिल्लं त्यामुळं वेळेत कळली. त्यातली तीन जगली. ही तीन त्या बाकीच्यांच्या जागी मांडता येत नाहीत, हे तिला माहीत होतं.

जूनमध्ये कुरणं खुली झाली तेव्हा तूदा वर गेली नाही. कुत्र्याशिवाय चाळीस मेंढ्या घेऊन एकट्या बाईनं तिथं राहायचं म्हणजे लांडग्यांना आवतण देणं होतं. बास्सूनं खांदा उडणारी मादी देऊ केली. तूदा म्हणाली, ती अजून शिकलेली नाही, आणि शिकवणारा राहिला नाही. शरद ऋतूत तिनं मेंढ्या विकल्या आणि भावाच्या घराशेजारच्या खोलीत राहायला आली.

यामनाला ती रविवारच्या बाजारात भेटली. कोंबडीची अंडी घेऊन पोत्यावर बसली होती. तूदानं रीतीप्रमाणं सगळं विचारलं, आईचं, कामाचं, पावसाचं. यामनानं रीतीप्रमाणं उत्तरं दिली. मग विचारायचं संपलं.

"जरा बसू का?" यामना म्हणाली.

"बस. बाजार काय माझा आहे."

यामना पोत्याच्या कडेवर बसली. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. तूदा अंडी सरळ लावता लावता म्हणाली, "खाली झोप लागत नाही. वर तो रात्री दर थोड्या वेळानं एकदा भुंकायचा. काही नसलं तरी. मी आहे, एवढंच सांगायला. त्याच्या भरवशावर मी झोपायचे. इथं चाळीस कुत्री भुंकतात, त्यातलं एकही मला सांगत नाही."

यामना बाजार उठेपर्यंत तिथंच बसून राहिली, आणि तूदानं तिला जा म्हटलं नाही.